रंग वाणाचा की तळाचा?

आमच्या घरात कोळंबी म्हटली की प्रथम कालवण आठवते. माझी आजी जवळजवळ चाळीस वर्षे डोक्यावर पाटी घेऊन करंदी, जवळा, कोळंबी विकत हिंडली. त्यामुळे बारावीची परीक्षा संपल्यावर मी कुर्ल्याहून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दहा लाल कोळंब्या घेऊन आले, तेव्हा तिने पिशवी उजेडात धरून पाहिली आणि किंमत विचारली. मी म्हटले, "दोनशे रुपये." प्रत्येक कोळंबी जेमतेम इंचभर. आजी म्हणाली, "दोनशे रुपयांचा एवराच वाटा? याचा कालवन तरी व्हईल का?" या खायच्या नसून पाळायच्या आहेत, असे सांगितल्यावर ती हसली. "कोलंबी कोन पालतं, बाय?"

आजीला त्या दिवशी मी नीट उत्तर देऊ शकले नाही. ते या लेखात देण्याचा प्रयत्न करीत आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी असल्याने विज्ञानाचे माझे शिक्षण शाळेपुरतेच. तेव्हा विज्ञानाच्या जाणकारांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

या कोळंबीला बाजारात 'चेरी' म्हणतात. तिचे शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. फ्रेंच शास्त्रज्ञ बुव्हिए यांनी १९०४ साली तिचे वर्णन केले. पूर्व चीन, तैवान आणि कोरिया या भागांतील गोड्या पाण्याचे ओढे व तळी हे तिचे माहेर. गंमत अशी की माहेरी ती लाल नसते. तेथे ती मातकट, हिरवट-तपकिरी आणि बरीचशी पारदर्शक असते. माशांच्या आणि पक्ष्यांच्या नजरेतून सुटायचे तर असाच रंग हवा. आज दुकानात दिसणारा लाल रंग हा पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीचा परिणाम आहे. रंगाच्या गडदपणावरून तिच्या प्रतीही ठरल्या आहेत. अंगावर लाल ठिपके आणि मधून पारदर्शक कातडी असेल तर ती साधी चेरी. त्याहून दाट रंगाची ती साकुरा. जपानी भाषेत साकुरा म्हणजे चेरीचा बहर. त्यावर फायर रेड, आणि जिच्या पायांपर्यंत लाल रंग उतरला आहे, जिच्या अंगातून आरपार काहीच दिसत नाही, ती पेंटेड फायर रेड. मी आणलेल्या साध्या चेरी होत्या. त्यांच्यापासून गडद लाल कोळंबी तयार करायची, असे मी मनाशी ठरवले.

प्रथम टाकीविषयी. माझी टाकी दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच आहे. पाऊण भरली की तीसेक लिटर पाणी मावते. टाकीत पाणी भरून लगेच कोळंबी सोडणे ही नवख्याची पहिली चूक. कोळंबीच्या विष्ठेपासून आणि कुजणाऱ्या अन्नापासून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि मग नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानाने निरुपद्रवी. हे जीवाणू गाळणीत आणि रेतीत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत रिकामी टाकी चालू ठेवून वाट पाहावी लागते. गाळणी स्पंजाची असावी, कारण नवजात पिल्लू दोन मिलिमीटरचे असते आणि दुसऱ्या प्रकारच्या गाळणीत ते ओढले जाते. थोडे शेवाळ आणि जंगली बदामाची दोन वाळलेली पाने टाकली की पिल्लांना चरायला जागा होते. बदामाची झाडे उलव्यात रस्तोरस्ती आहेत, तेव्हा त्याला खर्च नाही.

आमच्या नळाला हेटवणे धरणाचे पाणी येते. त्यातील क्लोरीन निघून जावे म्हणून ते एक दिवस उघडे ठेवून मग वापरायचे, असे मी वाचले होते. आणि येथेच माझा घात झाला. टाकीतले पाणी आटले तेव्हा मी आजीच्या तांब्याच्या हंड्यातले पाणी ओतले. रात्रभर ठेवलेले, आजीच्या मते घरातले सर्वांत शुद्ध पाणी. तिसऱ्या दिवशी दहांपैकी एकही कोळंबी जिवंत नव्हती.

कारण पुढे वाचनात आले. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचे काम लोहयुक्त द्रव्य करते, म्हणून रक्त लाल. कोळंबी-चिंबोरीच्या रक्तात तेच काम तांबेयुक्त द्रव्य करते, म्हणून त्यांचे रक्त निळसर. म्हणजे तांबे त्यांना लागतेच. पण पाण्यात विरघळलेले तांबे थोडेसेही जास्त झाले की त्यांचे कल्ले निकामी होतात. माशांच्या काही औषधांत तांबे असते, तीही कोळंबीच्या टाकीत घालू नयेत. मी हे सांगितले तेव्हा आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने एक नवी प्लॅस्टिकची बादली आणून टाकीजवळ ठेवली. पुढच्या दहा कोळंब्या मी चौथीच्या मुलांच्या शिकवणीच्या पैशांतून आणल्या.

आता त्यांच्या प्रपंचाविषयी. मादी नरापेक्षा मोठी आणि अधिक लाल असते. तिच्या डोक्यामागे, पाठीवर, खोगिरासारखा पिवळसर डाग दिसू लागला की अंडाशय भरले असे समजावे. कात टाकल्यावर ती पाण्यात एक गंधद्रव्य सोडते आणि सगळे नर टाकीभर सैरावैरा पोहू लागतात. मीलनानंतर अंडी पोटाखालच्या पायांना चिकटतात. वीस-तीस अंडी ती तीन ते चार आठवडे बाळगते आणि पायांनी सतत वारा घालावा तसे पाणी घालीत राहते. नदीतली खाण्याची मोठी कोळंबी अंडी द्यायला खाडीच्या मचूळ पाण्याकडे येते, कारण तिच्या अळ्यांना खारटपणा लागतो. या छोट्या कोळंबीला अळीची अवस्थाच नाही. अंड्यातून थेट आईची लहान प्रतिकृती बाहेर पडते. अडीच-तीन महिन्यांत ती वयात येते. म्हणजे वर्षात साधारण तीन पिढ्या. जन्मभर एकाच प्रयोगाला वाहून घेण्याची गरज नाही. पदवीच्या तीन वर्षांत बरेच पाहून होते.

मग ती लाल का? त्याची खूण स्वयंपाकघरातच आहे. करडी-निळसर कोळंबी कढईत पडताच लाल होते, हे आपण रोज पाहतो. तो रंग आगीने दिलेला नसतो. ॲस्टाझँथिन नावाचे लाल रंगद्रव्य कोळंबीच्या कवचात आधीच असते, पण एका प्रथिनाने ते जखडलेले असल्यामुळे निळसर दिसते. उष्णतेने प्रथिन मोडते आणि लाल रंग मोकळा होतो. चेरी कोळंबीत हाच तांबडा रंग कातडीखालच्या विशिष्ट रंगपेशींमध्ये साठलेला असतो. या पेशी किती आणि किती दाट, हे आनुवंशिकतेने ठरते. पण रंगद्रव्याचा कच्चा माल कोळंबीला स्वतः तयार करता येत नाही. तो शेवाळातून व अन्नातून मिळवावा लागतो. शिवाय रंगपेशीतील रंग पसरतो आणि आकसतो. कोळंबी घाबरली, तिने नुकतीच कात टाकली किंवा ती पांढऱ्या तळावर असली, तर ती फिकट दिसते. काळ्या तळावर तीच गडद होते.

हे शेवटचे वाक्य मी वाचले होते, पण त्याचा अर्थ कळायला मला फजितीतून जावे लागले. माझ्या टाकीत पांढरी रेती होती. दुसरी पिढी मोठी होत असताना मी ती बदलली. आमच्या भागात काळ्या दगडाला तोटा नाही. विमानतळासाठी उलव्याची सुमारे नव्वद मीटर उंचीची टेकडी कापून सपाट केली, उलवे नदीचे पात्र वळवले आणि दहा गावे उठवली. त्या दहांत आमचेही होते. मी पाचवी-सहावीत होते तेव्हाची ही गोष्ट. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने उडू लागली. तर असा काळा दगड बारीक चाळून, चार पाण्यांनी धुऊन, आठवडाभर भिजवून मी टाकीत अंथरला. दोन दिवसांत कोळंब्या डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल झाल्या! मी वहीत लिहिले, 'दुसरी पिढी. रंग गडद. प्रयोग यशस्वी.'

ती वही मी मोठ्या उत्साहाने मानसशास्त्राच्या सरांना दाखवली. आनुवंशिकता आणि परिस्थिती हे प्रकरण ते आम्हांला तेव्हाच शिकवीत होते. त्यांनी वही वाचली आणि एवढेच विचारले, "पहिली पिढी कोणत्या तळावर होती?"

मी निरुत्तर झाले. घरी येऊन पहिल्या पिढीतल्या पाच आणि दुसऱ्या पिढीतल्या पाच कोळंब्या पांढऱ्या रेतीच्या बरणीत एकत्र ठेवल्या. तिसऱ्या दिवशी दहाही सारख्याच फिकट. आई कोणती आणि मुलगी कोणती हे केवळ आकारावरून ओळखायचे. माझे सगळे यश त्या काळ्या खडीचे होते.

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ योहानसेन यांनी १९०९ साली या दोन गोष्टींना दोन नावे दिली. जीव वरून कसा दिसतो हे एक, आणि त्याच्या जनुकांत काय आहे हे दुसरे. 'जनुक' या अर्थाचा मूळ शब्दही त्यांचाच. दिसण्यावरून असण्याचा अंदाज करायचा तर बाकीची परिस्थिती सर्वांना सारखी हवी. म्हणून मी नियम केला. निवडीपूर्वी प्रत्येक कोळंबी दोन दिवस पांढऱ्या तळाच्या बरणीत राहील, तिला तेच उकडलेले पालकाचे पान मिळेल, आणि सकाळी आठ वाजता, त्याच खिडकीत, तिला एक ते पाच गुण दिले जातील. नुकतीच कात टाकलेली असेल तर चार दिवसांनी पुन्हा. वय दोन महिन्यांच्या आत असेल तर गुण द्यायचेच नाहीत, कारण पिल्ले फिकटच असतात.

एवढे झाल्यावर खरी निवड सुरू झाली. हे काम आमच्या घराला नवे नव्हते. आमची शेती खाजणात होती. खाऱ्या जमिनीत तग धरणारे राता जातीचे भात तेथे पिकत असे. त्याचा तांदूळ तांबूस. कापणीच्या आधी आजोबा शेतात फिरून भरलेल्या लोंब्या वेगळ्या काढीत आणि पुढच्या वर्षाचे बी त्यांतूनच धरीत. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने याच भातांतून निवड करून काळा राता, भुरा राता यांसारखे वाण पुढे आणले. डार्विनने १८५९ सालच्या आपल्या ग्रंथाची सुरुवात पाळीव कबुतरांच्या निवडीपासून केली आहे. कबुतरे, भात आणि कोळंबी या तिन्हींचे तत्त्व एकच. पिढीतले भेद पाहा, हवे ते बी धरा, आणि पुन्हा तेच करा.

निवड करताना मला तीन गोष्टी शिकायला मिळाल्या. त्या कोणाला उपयोगी पडतील म्हणून लिहिते.

पहिली गोष्ट नरांची. नर जन्मतःच फिकट असल्याने नवखा माणूस लाल माद्या ठेवतो आणि नर हाताला येतील ते घेतो. पण मुलीचा अर्धा वारसा बापाकडून येतो. नराची तुलना मादीशी न करता दुसऱ्या नरांशी करावी आणि त्यांतला त्यातल्या त्यात लाल निवडावा.

दुसरी गोष्ट धीराची. पाच गुणांच्या आईबापांची पिल्ले सरासरीने पाच गुणांची निघाली नाहीत. सर्वसाधारण पिल्लांपेक्षा ती लाल होती, पण आईबापांपेक्षा फिकट. इंग्रज संशोधक गाल्टन यांनी १८८६ साली माणसांच्या उंचीविषयी हेच दाखवले. फार उंच आईबापांची मुले सरासरीहून उंच, पण आईबापांहून थोडी कमी उंच. आईबापांच्या गडद रंगात काही भाग नशिबाचा, चांगल्या अन्नाचा, चांगल्या प्रकृतीचा असतो, आणि तो भाग वारशाने जात नाही. म्हणून निवडीचे पाऊल नेहमी अपेक्षेपेक्षा लहान पडते.

तिसरी गोष्ट, केवळ एका जोडीवर वाण उभे करू नये. जवळच्या नात्यात सतत संकर झाला की अंडी कमी होतात आणि पिल्ले दुबळी निघतात. मी दर पिढीत दहा माद्या आणि पाच नर ठेवते. क्वचित निसर्गच मोठी भेट देतो. जपानच्या हिसायासु सुझुकी यांना १९९०च्या दशकात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या 'बी' कोळंबीत एक लाल पिल्लू दिसले आणि त्यातून त्यांनी प्रसिद्ध 'क्रिस्टल रेड' वाण घडवले. असे उत्परिवर्तन आपल्या टाकीत होईल म्हणून वाट पाहत बसता येत नाही. आपल्या वाट्याला लहान पावलेच येतात. माझ्या वहीतले आकडे असे. पांढऱ्या तळावर चार किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या कोळंब्या पहिल्या पिढीत साठांपैकी पाच होत्या. चौथ्या पिढीत साठांपैकी बावीस.

आता ज्या निवडल्या जात नाहीत, त्यांचे काय? या प्रश्नाने मला सर्वांत जास्त छळले. पहिल्या खेपेला पन्नासएक फिकट कोळंब्या बरणीत भरून मी तळ्याकडे निघाले होते. मारण्यापेक्षा सोडणे बरे, असे वाटले. वाटेतच मनात आले की ही आपल्या तळ्याची नव्हे. घरी परतून वाचले तेव्हा कळले की माणसांनी सोडलेल्या या कोळंबीने जर्मनी आणि पोलंडमध्ये, कारखान्यांच्या कोमट पाण्यात, वस्ती केली आहे. तेथे हिवाळा तिला अडवतो, आपल्याकडे कोण अडवणार? आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत आपल्या स्वतःच्या लहान कोळंब्या आहेत. त्यांचे अन्न आणि जागा परक्या जिवाने का घ्यावी? तेव्हा वाचकांना विनंती, की टाकीतला कोणताही जीव ओढ्यात, तळ्यात, खाडीत सोडू नये. माझ्या न निवडलेल्या कोळंब्या दुसऱ्या टाकीत राहतात. त्या शेवाळ खातात, अंडी घालतात, आपले दीड-दोन वर्षांचे आयुष्य जगतात. तब्येतीला त्या लालांहून कमी नाहीत.

गाल्टन यांचे नाव आले म्हणून एक सांगितलेच पाहिजे. याच गृहस्थांनी १८८३ साली माणसांच्या वाणसुधारणेला नाव दिले. ती कल्पना पुढे कोठवर गेली? १९०७ पासून अमेरिकेच्या काही राज्यांनी आणि १९३३ मध्ये नाझी जर्मनीने 'नालायक' ठरवलेल्या माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचे कायदे केले. गुण देणारे हात तेथे माणसांचे होते आणि बरणीत बसवलेलीही माणसेच होती.

माझी बारावी झाली तेव्हा ओळखीचे एक गृहस्थ वडिलांना म्हणाले होते, "शिक्षण रक्तात असावे लागते. तुमच्यात ते नाही. पोरीला उगाच कशाला पाठवता?" वडील टेम्पो चालवतात. आजी अंगठा लावते. आमच्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते, त्यामुळे त्या वाक्याला उत्तर देण्याइतका पुरावा आमच्यापैकी कोणाकडेच नव्हता. मीही मान खाली घातली.

आज मी त्यांना सरांचाच प्रश्न विचारीन. आधीच्या पिढ्या कोणत्या तळावर होत्या? आजीच्या लहानपणी गावात शाळा नव्हती. वडिलांच्या वेळी शाळा होती, पण पाटी घेऊन आजीबरोबर जाणारे कोणी तरी हवे होते. कोळंबीच्या बरणीवरून माणसांविषयी सिद्धान्त मांडावा एवढी मी शिकलेली नाही, आणि माझ्या प्रयोगात वाणाचाही भाग आहे हे मीच वर लिहिले आहे. पण ज्यांचे तळ कधी सारखे नव्हते, त्यांच्या रक्ताविषयी निकाल देण्याचा अधिकार कोणाला नाही, एवढे तरी मला त्या दहा फिकट कोळंब्यांनी शिकवले.

आजी हल्ली रोज सकाळी टाकीपुढे बसते. तिची दृष्टी मंदावली आहे, तरी अंडी धरलेली मादी तिला माझ्याआधी दिसते. चाळीस वर्षे कोळंबी हाताळलेले डोळे ते! गुण देताना मी चार म्हटले आणि तिने मान हलवली तर मी पुन्हा पाहते. बहुतेक वेळा तिचेच खरे निघते. परवा तिनेच एक नर दाखवून म्हटले, "ह्याला ठेव, ह्याचे पाय बघ."

पाचव्या पिढीची पिल्ले आता तीन आठवड्यांची आहेत. पांढऱ्या बरणीत जायला त्यांना अजून पाच-सहा आठवडे अवकाश आहे. कोणाला साध्या चेरी पाळून पाहायच्या असतील तर जरूर भेटावे. पाच कोळंब्या आणि शेवाळाचा एक पुंजका मी आनंदाने देईन. फक्त तांब्याचा हंडा दूर ठेवावा.